न्गुगी वा थिओंगो यांचे कादंबरीलेखन : भाषानिवड आणि वाचकाचा प्रश्न

प्रस्तावना

केनियाचे कादंबरीकार, नाटककार व विचारवंत न्गुगी वा थिओंगो यांचे 28 मे 2025 रोजी अमेरिकेत वयाच्या 87 व्या वर्षी निधन झाले. 1964 मध्ये त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर सुमारे सहा दशके ते लिहीत राहिले. कादंबरी, नाटक, कथा, आत्मकथन, तुरुंगातील रोजनिशी व वैचारिक निबंध असे त्यांच्या लेखनाचे विविध प्रकार आहेत. वसाहतोत्तर साहित्याच्या अभ्यासात चिनुआ अचेबे, वोले सोयिंका यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. भारतीय विद्यापीठांच्या इंग्रजी विभागांनाही ते अपरिचित नाही.

न्गुगी यांच्याविषयी सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे इंग्रजीत चार कादंबऱ्या लिहून कीर्ती मिळाल्यावर त्यांनी गिकुयू या आपल्या मातृभाषेत कादंबरी लिहिण्याचा घेतलेला निर्णय. हा निर्णय बहुधा स्वभाषाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. तसे सांगण्यात चूक नसली, तरी ते अपुरे आहे. लेखकाने भाषा बदलली की त्याचा वाचक बदलतो आणि वाचक बदलला की कादंबरीचा घाटही पूर्वीचा राहत नाही. न्गुगी यांच्या वाङ्मयीन प्रवासातील खरा बदल या तिसऱ्या पायरीवर घडला आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा व प्रमुख कादंबऱ्यांचा परिचय करून देत हा बदल कसा घडला, त्याने काय साधले आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार केला आहे.

जडणघडण : जमीन, आणीबाणी आणि शाळा

न्गुगी यांचा जन्म 5 जानेवारी 1938 रोजी केनियातील लिमुरू गावाजवळील कामिरीथू येथे झाला. गिकुयू हा केनियातील संख्येने सर्वांत मोठा समाज. त्याच्या वस्तीचा उंच, थंड हवेचा व सुपीक प्रदेश ब्रिटिश राजवटीत गोऱ्या मळेवाल्यांना देण्यात आला आणि पिढ्यान् पिढ्या ती जमीन कसणारी कुटुंबे स्वतःच्याच भूमीवर कूळ किंवा मजूर झाली. न्गुगी यांचे वडील बहुपत्नीक होते आणि त्यांनाही जमीन गमवावी लागली होती. न्गुगी यांच्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीत गमावलेल्या जमिनीचा प्रश्न पुन्हा पुन्हा का येतो, याचे उत्तर या बालपणात आहे.

जमिनीच्या व स्वातंत्र्याच्या मागणीतून उभ्या राहिलेल्या सशस्त्र लढ्याला इंग्रजांनी 'माऊ माऊ' असे नाव दिले. ऑक्टोबर 1952 मध्ये केनियात आणीबाणी जाहीर झाली व ती 1960 पर्यंत चालली. न्गुगी यांचा एक भाऊ जंगलात जाऊन लढ्यात सामील झाला, आईला चौकीवर नेऊन छळण्यात आले, तर बहिरेपणामुळे सैनिकांचा 'थांब' हा हुकूम ऐकू न आलेला सावत्र भाऊ गोळीला बळी पडला. याच काळात न्गुगी 1955 मध्ये अलायन्स हायस्कूल या नामवंत मिशनरी शाळेत दाखल झाले. पहिले सत्र संपवून ते सुटीत घरी परतले, तेव्हा त्यांचे गाव जागेवर नव्हते. वस्ती जमीनदोस्त करून लोकांना पहाऱ्याखालच्या नव्या गावात हलविण्यात आले होते. एका बाजूला शेक्सपिअर शिकविणारी शांत, शिस्तबद्ध शाळा आणि दुसऱ्या बाजूला उद्ध्वस्त झालेले गाव, हा विरोध त्यांनी आयुष्यभर विसरला नाही.

भाषेचा अनुभव याच विरोधाचा एक भाग होता. आणीबाणीपूर्वी गिकुयू समाजाने स्वतः चालविलेल्या शाळांत मातृभाषेला स्थान होते. आणीबाणीत या शाळा सरकारी नियंत्रणाखाली गेल्या आणि इंग्रजीचा अंमल सुरू झाला. शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना सापडणाऱ्या मुलाला छड्या बसत किंवा आपण मूर्ख आहोत अशा अर्थाची पाटी गळ्यात अडकवावी लागे. पकडण्याची पद्धतही विचार करण्यासारखी होती. सकाळी एका मुलाच्या हाती एक बटण दिले जाई. मातृभाषेत बोलणारा पुढचा मुलगा सापडला की ते त्याच्या हाती जाई आणि दिवसअखेर बटणाच्या मार्गाने सर्व 'गुन्हेगार' उघडकीस येत. मुलांनाच एकमेकांवर पाळत ठेवण्यास शिकविणारी ही रीत न्गुगी यांनी पुढे 'डीकॉलोनायझिंग द माइंड' (1986) या पुस्तकात सविस्तर नोंदविली. परीक्षेत इतर सर्व विषयांत उत्तम गुण असले, तरी इंग्रजीत अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी संपूर्ण परीक्षेत अनुत्तीर्ण ठरे, हेही त्यांनी तेथे सांगितले आहे.

इंग्रजीतील चार कादंबऱ्या

उच्च शिक्षणासाठी न्गुगी युगांडातील मकेरेरे येथे गेले. तेथे 1962 मध्ये इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. विद्यार्थिदशेतील न्गुगी यांनी आपल्या कादंबरीचे हस्तलिखित या परिषदेत अचेबे यांना दाखविले. 'वीप नॉट, चाइल्ड' ही ती कादंबरी 1964 मध्ये हायनेमान प्रकाशनाच्या आफ्रिकी लेखकमालेत प्रसिद्ध झाली. पूर्व आफ्रिकेतील लेखकाची ही पहिली इंग्रजी कादंबरी मानली जाते. शिक्षणावर भाबडी श्रद्धा ठेवणारा न्जोरोगे हा मुलगा, जमीन परत मिळण्याची वाट पाहणारे त्याचे वडील आणि आणीबाणीत मोडून पडलेले कुटुंब अशी तिची रचना आहे. त्यानंतरची 'द रिव्हर बिट्वीन' (1965) ही कादंबरी प्रत्यक्षात आधी लिहिलेली होती. नदीच्या दोन काठांवरील दोन डोंगररांगा, एकीकडे ख्रिस्ती झालेले व दुसरीकडे परंपरेला धरून राहिलेले लोक आणि त्यांच्यात शिक्षणाचा पूल बांधू पाहणारा वैयाकी, असा तिचा विषय आहे.

इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात असताना लिहिलेली 'अ ग्रेन ऑफ व्हीट' (1967) ही त्यांची पहिली पूर्णतः परिपक्व कादंबरी म्हणता येईल. 12 डिसेंबर 1963 या केनियाच्या स्वातंत्र्यदिनापूर्वीचे चार दिवस हा तिचा वर्तमानकाळ आहे, तर कथानक मात्र पात्रांच्या आठवणींतून मागे जाते. गावाने वीर म्हणून मानलेला मुगो हाच लढवय्या किहिकाचा घात करणारा निघतो आणि स्वातंत्र्याच्या सोहळ्यात तो स्वतःच याची कबुली देतो. काळाची मोडतोड, अनेक दृष्टिकोन, अपराधगंड या बाबतींत जोझेफ कॉनरॅड यांच्या कादंबरीतंत्राचा प्रभाव येथे स्पष्ट दिसतो. लढ्याचा गौरव करताना त्यातील भीती, मत्सर व विश्वासघात न लपविणे हे या कादंबरीचे मोठेपण होय.

'पेटल्स ऑफ ब्लड' (1977) या चौथ्या कादंबरीत न्गुगी यांची दृष्टी स्वातंत्र्योत्तर केनियाकडे वळते. इल्मोरोग हे दुष्काळी खेडे महामार्ग, बँक व मद्यनिर्मितीचा कारखाना आल्यानंतर शहर बनते आणि मूळ रहिवासी त्यातूनच बाहेर फेकले जातात. कारखान्याच्या तीन संचालकांच्या खुनाचा तपास हे कथानकाचे वरवरचे सूत्र आहे. शिक्षक मुनिरा, कामगार संघटक करेगा, वांजा ही स्त्री आणि लढ्यात पाय गमावलेला अब्दुल्ला या चार पात्रांमधून लेखक प्रत्यक्षात एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे स्वातंत्र्य कोणाचे झाले? लीड्समधील वास्तव्यात झालेला मार्क्सवादाचा व फ्रान्झ फॅनन यांच्या विचारांचा परिचय येथे कादंबरीच्या रचनेत उतरला आहे.

या टप्प्यावर एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. 'पेटल्स ऑफ ब्लड' ही राज्यकर्त्या वर्गावरची अत्यंत कठोर टीका असूनही जुलै 1977 मध्ये तिचे नैरोबीत समारंभपूर्वक प्रकाशन झाले आणि त्या समारंभास तत्कालीन अर्थमंत्री व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले म्वाई किबाकी उपस्थित होते. ज्या शेतकऱ्यांची व कामगारांची बाजू ही कादंबरी घेत होती, त्यांच्यापर्यंत ती पोहोचणार नव्हती. इंग्रजीतील विद्रोह सत्तेला सहन होण्यासारखा होता. पाच महिन्यांनी लेखक तुरुंगात गेला, तो या कादंबरीमुळे नव्हे.

इंग्रजी विभागाचा प्रश्न

कादंबरीलेखनाच्या बरोबरीने न्गुगी यांचा अध्यापनाचा प्रवासही लक्षात घ्यावा लागतो. 1968 मध्ये नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये इंग्रजी विभागाच्या विकासाचा प्रस्ताव चर्चेला आला असता न्गुगी, हेन्री ओवूर-अन्युम्बा व ताबान लो लियाँग या तिघांनी इंग्रजी विभागच रद्द करावा, असे टिपण सादर केले. या टिपणाचे शीर्षक प्रक्षोभक असले, तरी त्यातील युक्तिवाद संयत आहे. इंग्रजी साहित्य शिकवू नये, असे त्यात म्हटलेले नाही. एकाच देशाचे साहित्य केंद्रस्थानी मानून बाकी सारे त्याचे परिशिष्ट का समजावे, हा त्यातील प्रश्न आहे. आफ्रिकी साहित्य, त्यातही मौखिक परंपरा, केंद्रस्थानी असावी आणि तेथून कॅरिबियन, आशियाई, युरोपीय साहित्याकडे पाहावे, अशी त्यांची मांडणी होती. या चर्चेतून पुढे साहित्य विभाग आकाराला आला व मौखिक साहित्याला अभ्यासक्रमात स्थान मिळाले.

तथापि या टिपणातही आफ्रिकी साहित्य कोणत्या भाषेत लिहावे, हा प्रश्न पुरता सुटलेला नव्हता. नायजेरियन समीक्षक ओबी वाली यांनी 1963 मध्येच युरोपीय भाषांत लिहिले जाणारे आफ्रिकी साहित्य ही बंद वाट असल्याचे म्हटले होते. अचेबे यांची भूमिका वेगळी होती. इंग्रजी ही मिळालेली भाषा आहे, तिला वाकवून आफ्रिकी अनुभव तिच्यात आणता येईल, असे त्यांना वाटे. न्गुगी हे वाली यांच्या भूमिकेशी सिद्धान्ताच्या मार्गाने आले नाहीत. ते तेथे एका गावाच्या नाट्यगृहातून आले.

कामिरीथूचा प्रयोग आणि तुरुंग

1976-77 मध्ये कामिरीथू येथील समाजशिक्षण व सांस्कृतिक केंद्राच्या कामात न्गुगी सहभागी झाले. त्यांनी व न्गुगी वा मीरी यांनी मिळून 'न्गाहिका न्देंदा' हे गिकुयू नाटक लिहिले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन' असा होतो. दीड एकर जमिनीचा मालक किगुंदा चर्चमधील रीतसर विवाहाच्या खर्चासाठी कर्ज काढतो व ती जमीन गमावतो, ही त्याची कथा. मळ्यांवर व कारखान्यांत राबणाऱ्या गावकऱ्यांनी सुमारे दोन हजार प्रेक्षकांचे खुले नाट्यगृह स्वतः उभारले. तालमी सर्वांसमोर होत. म्हाताऱ्या पात्राच्या तोंडची भाषा म्हाताऱ्याची वाटत नाही, लढ्यातील अमुक प्रसंग असा घडला नव्हता, अशा दुरुस्त्या गावकरी करीत आणि विद्यापीठातील प्राध्यापक त्या स्वीकारीत.

या अनुभवाचे महत्त्व न्गुगी यांनी अनेकदा सांगितले आहे. इंग्रजीत लिहिताना शेतकरी हा त्यांच्या लेखनाचा विषय होता. गिकुयू नाटकात तो सहलेखक, नट, प्रेक्षक व टीकाकार झाला. 2 ऑक्टोबर 1977 रोजी प्रयोग सुरू झाले आणि 16 नोव्हेंबर रोजी सरकारने परवाना रद्द केला. डिसेंबरअखेर न्गुगी यांना अटक झाली. कोणताही खटला न चालविता त्यांना कामिती येथील कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात सुमारे वर्षभर ठेवण्यात आले. ऑगस्ट 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांचे निधन झाले व डिसेंबर 1978 मध्ये न्गुगी यांची सुटका झाली. विद्यापीठातील पद मात्र त्यांना परत मिळाले नाही.

तुरुंगातच त्यांनी पहिली गिकुयू कादंबरी लिहिली. लिहिण्यासाठी कागद मिळत नसल्याने शौचालयात वापरण्यासाठी कैद्यांना दिल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कागदावर ती लिहिली गेली. एकदा ते हस्तलिखित जप्त झाले व पुढे परत मिळाले. ही घटना रोमहर्षक असल्याने तिचाच उल्लेख अधिक होतो, परंतु लेखकासमोरील वाङ्मयीन अडचण तिच्याइतकीच मोठी होती. गिकुयू भाषेत छापील गद्याची परंपरा तोकडी होती. बायबलचे भाषांतर व मिशनऱ्यांनी ठरविलेले लेखननियम उपलब्ध होते, गाकारा वा वांजाऊ यांच्यासारख्या लेखकाचे कार्य समोर होते, पण आधुनिक कादंबरीची वहिवाट नव्हती. स्वरांची दीर्घता व सूर यांनी अर्थ बदलणाऱ्या या भाषेत लिहिलेले वाक्य नेमके कसे वाचले जाईल, याचीही खात्री नसे.

गिकुयू कादंबरीचा घाट

'काइतानी मुथारबा-इनी' ही कादंबरी 1980 मध्ये नैरोबीत प्रसिद्ध झाली आणि न्गुगी यांनीच केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 'डेव्हिल ऑन द क्रॉस' 1982 मध्ये आला. वरिंगा ही नैरोबीतील टंकलेखिका साहेबाच्या मागणीला नकार दिल्याने नोकरी गमावते. ती भाड्याच्या मोटारीतून इल्मोरोगकडे निघते. सहप्रवाशांमध्ये एक कामगार आहे, एक जुनी लढवय्यी स्त्री आहे आणि परदेशात शिकून आलेला, मातृभाषा अडखळत बोलणारा संगीतकार गातुइरिया आहे. इल्मोरोगमधील एका गुहेत आधुनिक चोरांची स्पर्धा भरलेली आहे. तेथे देशी धनिक परदेशी पाहुण्यांसमोर आपापल्या लुटीची फुशारकी मारतात. कोणी माती कुंड्यांत भरून विकण्याची योजना मांडतो, तर कोणी हवाही डब्यांत भरून विकू पाहतो.

या कादंबरीची 'अ ग्रेन ऑफ व्हीट'शी तुलना केल्यास घाटातील अंतर ठळकपणे दिसते. पूर्वीच्या कादंबरीत पात्राच्या मनातील गुंता, कालक्रमाची उलथापालथ व संदिग्धता यांना महत्त्व होते. एकांतात पाने मागेपुढे करीत वाचणारा सुशिक्षित वाचक तेथे गृहीत आहे. गिकुयू कादंबरीचा निवेदक गिचांदी हे पारंपरिक वाद्य वाजवीत गोष्ट सांगणारा कथेकरी आहे. म्हणी, गाणी, कोडी, बायबलमधील दाखल्यांची विडंबने व अतिशयोक्ती ही त्याची साधने आहेत. प्रसंग प्रवासाच्या सूत्रात एकामागून एक येतात, जेणेकरून एखादा भाग ऐकायचा राहिला, तरी गोष्टीचा धागा तुटू नये. ही रचना ऐकणाऱ्यासाठी आहे.

प्रत्यक्ष वाचनाचा इतिहासही हेच सांगतो. कादंबरीची पुनर्मुद्रणे लवकरच करावी लागली. अनेक घरांत एक साक्षर व्यक्ती संध्याकाळी मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. कामगार जेवणाच्या सुटीत एकत्र बसून ती ऐकत. मद्यगृहांत तर वाचणाऱ्याचा पेला रिकामा झाला की तो नेमक्या रंगतदार ठिकाणी पुस्तक मिटून ठेवी आणि श्रोत्यांनी पेला भरल्यावरच पुढे वाची, अशी आठवण न्गुगी यांनी नोंदविली आहे. युरोपातून आलेला कादंबरी हा प्रकार येथे पुन्हा मौखिक परंपरेत सामावला गेला.

इंग्रजी अनुवाद वाचणाऱ्या समीक्षकांपैकी काहींना या कादंबरीतील पात्रे सपाट व प्रचारकी वाटली. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. वरिंगाचे टंकलेखिकेपासून यंत्रकारागिरापर्यंतचे व शेवटी हाती पिस्तूल घेण्यापर्यंतचे परिवर्तन मनोविश्लेषणाच्या कसोटीवर घाईचे ठरते. परंतु ती कसोटी एकांतातल्या वाचकाची आहे. कीर्तनकाराच्या आख्यानाला ललित निबंधाचा निकष लावल्यास जे होईल, तेच येथे होते.

'मतिगारी', परागंदा जीवन आणि नंतरचे लेखन

1982 मध्ये 'डेव्हिल ऑन द क्रॉस'च्या प्रकाशनासाठी न्गुगी लंडनला गेले असता मायदेशी परतल्यास पुन्हा अटक होईल, अशी माहिती त्यांना मिळाली. त्याच वर्षी कामिरीथूचे नाट्यगृह पोलिसांनी पाडून टाकले होते. न्गुगी परतले नाहीत. तेथून सुरू झालेले परागंदा जीवन डॅनियल अराप मोई यांची राजवट 2002 मध्ये संपेपर्यंत चालले.

या काळात लिहिलेली 'मतिगारी मा न्जिरुंगी' (1986) ही दुसरी गिकुयू कादंबरी. शीर्षकाचा अर्थ 'गोळ्यांतून वाचलेले' असा आहे. लढा संपला असे समजून जंगलात शस्त्र पुरून आलेला एक लढवय्या आपल्या घराचा शोध घेतो. त्याच्या घरात आता गोऱ्या मालकाचा मुलगा व त्याच्याच जुन्या स्वयंपाक्याचा मुलगा भागीदारीने नांदत आहेत. सत्य व न्याय कोठे मिळेल, असे विचारीत तो गावोगाव फिरतो. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर मतिगारी नावाचा कोणी माणूस देशभर असे प्रश्न विचारीत फिरत असल्याचे वृत्त गुप्तचरांकडून सरकारपर्यंत गेले व त्याला पकडण्याचे आदेश निघाले. तो कादंबरीतील नायक असल्याचे ध्यानात आल्यावर 1987 मध्ये पुस्तकांच्या दुकानांवर छापे घालून प्रती जप्त करण्यात आल्या. ही घटना विनोदी वाटते, पण तिच्यात एक गंभीर साहित्यिक सत्य आहे. लोक या पात्राविषयी एखाद्या जिवंत माणसाविषयी बोलावे तसे बोलत होते, म्हणूनच ते गुप्तचरांच्या कानावर गेले. इंग्रजी कादंबरीतील कोणत्याही पात्राच्या वाट्याला केनियात अशी अफवा आली नव्हती.

अमेरिकेत येल, न्यूयॉर्क व नंतर कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील विद्यापीठांत न्गुगी यांनी अध्यापन केले. 'मुतीरी' हे गिकुयू नियतकालिक त्यांनी तेथूनच सुरू केले. 2004 मध्ये ते तब्बल 22 वर्षांनी केनियात गेले. लोकांनी उत्साहाने स्वागत केले, परंतु काही दिवसांतच नैरोबीतील निवासस्थानी त्यांच्यावर व त्यांच्या पत्नीवर क्रूर हल्ला झाला. त्याच वर्षी 'मुरोगी वा कागोगो' या बृहद् कादंबरीचे प्रकाशन सुरू झाले. तिचा 'विझर्ड ऑफ द क्रो' हा स्वकृत इंग्रजी अनुवाद 2006 मध्ये आला. अबुरिरिया या काल्पनिक देशाचा हुकूमशहा आकाशाला भिडणारा मनोरा बांधण्यासाठी जागतिक बँकेकडे कर्ज मागतो आणि बेकार पदवीधर कामिती व चळवळीतील न्यावीरा ही दोघे मांत्रिकाच्या वेषात त्या राजवटीच्या आजारांवर उपचार करीत राहतात. शीतयुद्धोत्तर हुकूमशाहीचे हे विडंबन न्गुगी यांच्या कथेकरी शैलीचे सर्वांत विस्तृत रूप आहे. 2018 मध्ये गिकुयू समाजाच्या आदिमातापित्यांची व त्यांच्या कन्यांची कथा सांगणारे पद्यमय आख्यान त्यांनी प्रसिद्ध केले. 'द परफेक्ट नाइन' (2020) हा त्याचा इंग्रजी अनुवाद 2021 च्या आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराच्या दीर्घ यादीत होता. आफ्रिकेतील देशी भाषेत मूळ लिहिलेली कलाकृती त्या यादीत येण्याची ती पहिली वेळ होती.

मर्यादा आणि आक्षेप

न्गुगी यांच्या भूमिकेवर घेतले गेलेले आक्षेप तीन प्रकारचे आहेत. पहिला आक्षेप भाषांच्या परस्परसंबंधांविषयी आहे. केनियात चाळीसहून अधिक भाषा बोलल्या जातात. त्यांत गिकुयू ही संख्येने व राजकीय प्रभावाने मोठ्या समाजाची भाषा आहे. तिच्यातील लेखन इतर समाजांना आपले वाटेलच असे नाही. न्गुगी यांचे उत्तर असे होते की प्रत्येक भाषेत लेखन व्हावे आणि भाषांनी इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय परस्परांशी अनुवादातून बोलावे. उत्तर तत्त्वतः योग्य आहे, परंतु त्यासाठी लागणाऱ्या प्रकाशनसंस्था, अनुवादक व ग्रंथालये उभी करणे एका लेखकाच्या आवाक्यातील काम नव्हते.

दुसरा आक्षेप त्यांच्याच व्यवहाराविषयीचा आहे. 'डीकॉलोनायझिंग द माइंड'मध्ये इंग्रजी लेखनाचा निरोप घेतल्यानंतरही त्यांचे बरेचसे वैचारिक लेखन आणि 2010 पासूनची आत्मकथने इंग्रजीतच आली. परदेशातील अध्यापकाला हे टाळणे कठीण होते. कादंबरीपुरता मात्र त्यांनी शब्द पाळला. 1977 नंतर त्यांची एकही कादंबरी मूळ इंग्रजीत लिहिली गेली नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. ज्या श्रोत्यांसाठी कादंबरीचा घाट बदलला, त्या श्रोत्यांपासून लेखक 1982 नंतर दूर गेला. 'विझर्ड ऑफ द क्रो'ची कीर्ती प्रामुख्याने इंग्रजी अनुवादामुळे झाली. कामिरीथूतील तालमीत म्हाताऱ्याची भाषा सुधारून देणारा गावकरी अर्व्हाइनमध्ये नव्हता. भाषा टिकविली तरी सहवास टिकविता आला नाही, ही या लेखकाच्या आयुष्यातील शोकांतिका होय, आणि ती त्याच्या निवडीतून नव्हे तर सत्तेच्या कृतीतून आली.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने

मराठी अभ्यासकाला या विवेचनात भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. इंग्रजीचे अध्यापन करीत मातृभाषेत कादंबरी लिहिणे हे दोघांतील साम्य उघड आहे. तरीही परिस्थितीतील फरक विसरता येत नाही. मराठीत 1857 मध्ये बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली होती. नियतकालिके, पाठ्यपुस्तके व वाचकवर्ग यांची अखंड परंपरा नेमाडे यांच्या पिढीला लाभली. न्गुगी यांना कादंबरी लिहिता लिहिताच तिचे गद्य व तिचा वाचक घडवावा लागला. म्हणून दोघांना एकाच सूत्रात बसविण्याऐवजी मराठीला जे सहज मिळाले त्याची किंमत न्गुगी यांच्या उदाहरणातून ओळखणे अधिक उपयुक्त ठरेल.

अनुवादाचे एक भारतीय उदाहरणही येथे नोंदविण्यासारखे आहे. 'डेव्हिल ऑन द क्रॉस'चा तेलुगू अनुवाद कवी वरवर राव यांनी 1980 च्या दशकात तुरुंगात असताना केला. तुरुंगात लिहिलेल्या कादंबरीचा तुरुंगातच झालेला हा अनुवाद इंग्रजीवरून झाला असला, तरी दोन देशी भाषांमधील संवादाची न्गुगी यांची कल्पना त्यात अंशतः साकार झाली आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने एक साधी गोष्ट महत्त्वाची आहे. इंग्रजी विभागांत न्गुगी यांच्या 1977 नंतरच्या कादंबऱ्या शिकविताना त्या अनुवादित आहेत, याचा उल्लेख बऱ्याचदा प्रास्ताविकापुरता राहतो. विद्यार्थी पुढे त्यांना इंग्रजी कादंबरीचेच निकष लावतात आणि लेखकाने ज्यापासून वाचक दूर नेला, त्याच चौकटीत त्या परत आणल्या जातात. या कादंबऱ्यांतील उतारे वर्गात मोठ्याने वाचले, त्यांतील म्हणींना व आख्यानपद्धतीला विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मौखिक परंपरेतील प्रतिरूपे शोधावयास सांगितली, तर त्यांचा घाट अधिक स्पष्ट होईल.

समारोप

न्गुगी वा थिओंगो यांच्या वाङ्मयीन जीवनाचे दोन भाग केले जातात, एक इंग्रजीतील व दुसरा गिकुयूतील. या दोन भागांच्या मध्ये कामिरीथूचे खुले नाट्यगृह उभे आहे. तेथे लेखकाला नवा वाचक भेटला, त्या वाचकासाठी त्याने भाषा निवडली आणि त्या वाचकाच्या ऐकण्याच्या सवयींनी त्याची कादंबरी बदलली. इंग्रजी कादंबरीच्या प्रकाशनास मंत्री आले आणि गिकुयू नाटकासाठी पोलीस आले, या एकाच वर्षातील दोन घटना भाषा व सत्ता यांचा संबंध कोणत्याही सिद्धान्ताइतक्याच नेमकेपणाने दाखवितात. आपण लिहितो ते कोणापर्यंत पोहोचावे, असा प्रश्न मातृभाषेत बोलणाऱ्या व परभाषेत शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकासमोर असतो. न्गुगी यांनी त्याचे उत्तर तुरुंगातील कागदावर दिले. ते उत्तर पूर्ण नव्हते, पण त्यासाठी द्यावी लागणारी किंमत त्यांनी पूर्ण मोजली.